डीएनएचा शोध, शाळेच्या कपाटातून: नव्या विज्ञान शिक्षकांसाठी

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी नववीला गृहपाठ दिला, "डीएनएविषयी माहिती लिहून आणा." एक्केचाळीस वह्या आल्या. त्यातल्या चौतीस वह्यांत लिहिलं होतं की वॉटसन आणि क्रिक यांनी डीएनएची रचना १९३५ साली शोधली. ती रचना जाहीर झाली १९५३ साली. १९३५ मध्ये जेम्स वॉटसन सात वर्षांचा होता. गावात एकच जुनं गाईड हातोहात फिरत होतं, त्यात आकडे उलटे छापले गेले होते, आणि ती चूक चौतीस घरांत सुवाच्य अक्षरात उतरवली गेली होती.

मुलांवर चिडून उपयोग नव्हता. "लिहून आणा" असं मीच सांगितलं होतं, तसं त्यांनी लिहून आणलं. शोधायचं कसं हे त्यांना कुणी दाखवलं नव्हतं, आणि बी.एड.ला असताना मलाही कुणी दाखवलं नव्हतं. पुढच्या काही वर्षांत पडत-धडपडत जे जमलं ते इथे लिहितो आहे. विदर्भातल्या खेड्यात नुकतेच रुजू झालेले शिक्षणसेवक, आणि विज्ञानाच्या तासांसोबत ग्रंथालयाची किल्लीही ज्यांच्या गळ्यात पडली आहे असे शिक्षक, यांना ते कामी यावं. नववी-दहावीचा वर्ग, सात-आठ तासिका आणि पुस्तकांचं एखादं कपाट, एवढ्या भांडवलावर हे होतं.

आधी वेळ ठरवा

पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, पट्ट्यात शाळेचं वेळापत्रक वावर ठरवतं. जून-जुलैत पेरणी आणि डवरणी, दिवाळीच्या आगेमागे वेचणी सुरू झाली की वर्ग निम्मा रिकामा. मी पोळा झाला की सुरू करतो आणि दसऱ्याच्या आत संपवतो. तान्हा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मात्र काही सुरू करू नका, कुणी जागेवर नसतं.

पहिली पायरी: कपाट मुलांसोबत उघडा

खेड्यातल्या शाळेचं ग्रंथालय म्हणजे बहुधा मुख्याध्यापकांच्या खोलीतली एक-दोन लोखंडी कपाटं. ती एकट्यानं आवरून मुलांपुढे तयार यादी ठेवण्याचा मोह होईल. मीही एकदा तसं केलं, आणि माझ्या यादीबाहेरचं एकही पुस्तक कुणी उघडलं नाही. चार-पाच मुलांना सोबत घ्या आणि सगळी पुस्तकं सतरंजीवर काढा. एकानं पुस्तकाचं नाव वाचायचं, दुसऱ्यानं दाखल नोंदवहीत तो क्रमांक शोधायचा. पुस्तकाला स्वतःचा क्रमांक असतो, तो कुठल्या साली, खरेदीतून की देणगीतून आला हे कुठेतरी लिहिलेलं असतं, हे मुलांना इथे पहिल्यांदा कळतं.

आता वर्गवारी. मोठ्या ग्रंथालयांत पुस्तकाच्या पाठीवर जो आकडा असतो तो बहुतेक ठिकाणी ड्यूई दशांश पद्धतीचा असतो. मेलविल ड्यूई या अमेरिकी ग्रंथपालानं ती १८७६ साली प्रसिद्ध केली. अख्खी पद्धत शिकवू नका. डीएनएच्या शोधासाठी पाच-सहा आकडे पुरतात: जीवशास्त्र ५७०, जीवरसायन ५७२, आनुवंशिकता आणि उत्क्रांती ५७६, रोग ६१६, शेतातली पिकं ६३३ आणि चरित्रं ९२०च्या आसपास. एक मेख लक्षात ठेवा. जुन्या आवृत्त्यांत आनुवंशिकतेचा आकडा ५७५ होता. तालुक्याच्या वाचनालयात पूर्वी लावलेली पुस्तकं अजून त्याच आकड्यावर बसलेली असू शकतात. एक मुलगी ५७६ च्या फळीवर काहीच नाही म्हणून परत आली होती. पुस्तकं हातभर अंतरावर होती.

तुमच्या कपाटात आकडे नसतील तर कागदाच्या चिठोऱ्यांवर पेन्सिलीनं लिहून चिकटवा. ते अचूक नसले तरी चालेल. डीएनए एका फळीवर मावत नाही, एवढं मुलांना दिसलं पाहिजे. कपाशीवरची पुस्तिका, रक्ताच्या आजारावरचं पुस्तक, शास्त्रज्ञाचं चरित्र आणि दहावीचं पाठ्यपुस्तक या चारही ठिकाणी तो बसलेला असतो.

"विज्ञान" असं लेबल नसलेलं साहित्य बाजूला टाकू नका. कृषी विभागाच्या 'शेतकरी' मासिकाचे जुने अंक, मराठी विज्ञान परिषदेच्या पत्रिकेचे सुटे अंक, वर्तमानपत्राच्या पुरवण्या, हे सगळं पुढे लागणार आहे. आमच्याकडे सर्वांत जास्त वापरला गेलेला कागद म्हणजे कापूस लागवडीची एक जुनी घडीपत्रिका. ती वर्षानुवर्षं कपाटाच्या तळाशी फळीला आधार म्हणून घातलेली होती.

दुसरी पायरी: प्रश्न वावरातून येऊ द्या

"डीएनए" हा विषय झाला, तो प्रश्न नाही. विषय दिला की मुलं उतरवतात, कारण विषयाला शेवट नसतो आणि कुठून सुरू करायचं ते कळत नाही. एक अख्खी तासिका फक्त प्रश्नांवर घालवा. फळ्यावर सगळे प्रश्न येऊ द्या, हसू येणारेसुद्धा.

आमच्याकडे दरवर्षी पहिला प्रश्न ठरलेला असतो: बीटी बियाणं असून बोंडअळी काऊन येते? २०१७ च्या हंगामात विदर्भात गुलाबी बोंडअळीनं जे नुकसान केलं ते घराघरात माहीत आहे. मागून सिकलसेल येतो, रक्ताचा आनुवंशिक आजार. एकाच घरातल्या एका भावाला होतो आणि दुसऱ्याला होत नाही, असं का? मग टीव्हीवरच्या गुन्ह्यांच्या मालिकांमुळे, एका केसावरून माणूस ओळखतात तो कसा.

आणि एकदा एका पोरानं कुठूनतरी वाचून विचारलं, माणसाची गुणसूत्रं ४६ आणि पऱ्हाटीची ५२, "सर, मंग पऱ्हाटी आपल्यापरीस हुशार हाये का जी?" वर्ग हसला. पण त्या वर्षीचा सर्वांत चांगला शोध त्याच प्रश्नातून निघाला. आपण लावतो ती अमेरिकन कपाशी ५२ गुणसूत्रांची, आपली गावरान देशी कपाशी २६ ची. तूर २२, संत्रा १८, सोयाबीन ४०. आकडा आणि हुशारी यांचा काही मेळ बसत नाही, हे मुलांनी स्वतः तक्ता करून पाहिलं. मग पुढचा प्रश्न आपोआप आला: ५२ हे २६ च्या बरोबर दुप्पट कसे? कपाशीच्या दोन वेगवेगळ्या प्रजातींचा फार प्राचीन काळी संकर होऊन दोघांचे गुणसूत्रसंच एकाच झाडात टिकले, असं त्याचं उत्तर आहे. ते शोधायला त्या गटाला तीन आठवडे लागले. मी सांगितलं असतं तर तीन मिनिटं लागली असती.

प्रश्न पारखायची माझी पद्धत अशी. "हो" किंवा "नाही" एवढ्यात उत्तर संपतं का? संपत असेल तर प्रश्न मोडून पुन्हा करा. कपाटातल्या किमान दोन कागदांत त्याविषयी ओळभर तरी आहे का? आणि पोराला घरी जाऊन तो आजीला विचारावासा वाटेल का? तिसरी कसोटी मी सर्वांत जास्त मानतो.

तिसरी पायरी: शब्दांची जुळणी

इथे बरीच मुलं अडकतात आणि आपल्याला वाटतं ती आळशी आहेत. डीएनएची मराठी एकसारखी नाही. पाठ्यपुस्तकात "जनुक" असतं, दुसरीकडे "जीन". एका ठिकाणी "गुणसूत्र", जुन्या पुस्तकात "रंगसूत्र". आपण "आम्ल" लिहितो, विश्वकोशात "अम्ल" आहे. सिकलसेल कुठे "दात्रपेशी पांडुरोग" या नावाखाली लपलेला असतो. मराठी विश्वकोशात "डीएनए" शोधून हाती लागलं नाही की मुलं म्हणतात, "यात नाहीच." त्यांना "न्यूक्लिइक अम्ले" आणि "आनुवंशिकी" या नोंदींकडे वळवा.

म्हणून शोधाला बसण्याआधी प्रत्येक गटाला एका पानावर शब्दांची कुटुंबं मांडायला लावा. मधे आपला शब्द, भोवती त्याची सगळी नावं, बाहेरच्या कड्यात शेजारचे शब्द: केंद्रक, पेशी, प्रथिन, उत्परिवर्तन, संकर, वाण. नववीचा "आनुवंशिकता व परिवर्तन" हा पाठ आणि दहावीच्या दुसऱ्या भागातला "आनुवंशिकता व उत्क्रांती" हा पहिलाच पाठ, एवढ्यातून निम्मे शब्द मिळतात.

वर्णक्रमाची परीक्षा घ्या. शहाणी शहाणी मुलं "न्यू" हे "नि"च्या आधी की नंतर यावर अडतात. दहा मिनिटांचा खेळ करा, दहा शब्द द्या आणि ओळीत उभं करा. इंग्रजी पुस्तकांच्या शेवटी सूची असते, मराठी पुस्तकांना बरेचदा नसते. तिथे अनुक्रमणिका, मग पाठातली उपशीर्षकं, मग चित्रांखालच्या ओळी, या क्रमानं चाळायला शिकवा. पहिल्या पानापासून वाचत बसणारं मूल तिसऱ्या पानावर दमतं.

चौथी पायरी: प्रत्येक वाक्याचा सातबारा

सगळ्या उपक्रमाचा कणा हाच आहे, म्हणून इथे घाई करू नका.

"संदर्भ द्या" असं म्हटलं की मुलं मान डोलावतात आणि देत नाहीत, कारण तो का द्यायचा हे त्यांना पटलेलं नसतं. एका दुपारी मी वैतागून विचारलं, "तुमच्या वावरावर उद्या कुणी येऊन म्हटलं की हे माझं आहे, तर काय कराल?" सगळा वर्ग एका आवाजात म्हणाला, "सातबारा दाखव म्हणू!" तिथून पुढे आमच्याकडे संदर्भ हा शब्द बंद झाला.

सातबाऱ्याची रचना मुलं मोठ्यांच्या तोंडून ऐकून असतात. गाव नमुना सातमध्ये जमीन कोणाची, कुठला गट, किती क्षेत्र. नमुना बारामध्ये त्या जमिनीत पीक काय. आमची चिठ्ठी तशीच आहे. वहीचं पान चार तुकड्यांत कापा. एका चिठ्ठीवर एकच गोष्ट. वरच्या भागात सात: पुस्तकाचं नाव, लेखक, छापल्याचं साल, पान क्रमांक, आणि आपल्या कपाटातलं असेल तर दाखल क्रमांक. खालच्या भागात बारा: त्या पानावर उगवलेली एक गोष्ट, स्वतःच्या शब्दांत. चिठ्ठीच्या मागे मुलाचा स्वतःचा प्रश्न किंवा शंका.

स्वतःच्या शब्दांत म्हणजे कसं, यासाठी एकच नियम: बारा लिहिताना पुस्तक बंद हवं. वाचा, बंद करा, शेजारच्याला वऱ्हाडीत सांगा, मग लिहा. सांगता आलं नाही तर पुन्हा उघडा. "डीएनए हा दोन धाग्यांचा सर्पिलाकार रेणू असून" असं कुणाही पोराच्या तोंडून निघत नाही. एकीनं लिहिलं होतं, "दोराला पीळ देतो तसा, पण दोन्ही दोरांच्या मधे पायऱ्या." तिच्या चिठ्ठीत मी काही दुरुस्त केलं नाही. ॲडेनिनसमोर नेहमी थायमिन आणि ग्वानिनसमोर सायटोसिन, हे तिनं पुढच्या चिठ्ठीत स्वतःच जोडलं.

चिठ्ठ्यांना पुस्तकच लागतं असं नाही. आजोबांनी सांगितलेलं चालतं. तिथे सातमध्ये लिहायचं: कोणी सांगितलं, नात्यानं कोण, कुठल्या तारखेला. बियाण्याच्या पाकिटावरचा मजकूरही चालतो. पण पाकीट माल विकण्यासाठी छापलेलं असतं आणि पुस्तिका शिकवण्यासाठी, हा फरक मुलांच्या तोंडून यायला हवा.

पाचवी पायरी: फेरफार

जमिनीचा मालक बदलला की तलाठ्याकडे फेरफाराची नोंद होते. ज्ञानाचेही फेरफार असतात, आणि खेड्यातलं जुनं कपाट ते दाखवायला शहरातल्या चकचकीत ग्रंथालयापेक्षा चांगलं. देणगीत आलेली पिवळी पुस्तकं रद्दीत घालू नका.

आमच्या कपाटात एक जुनं, कव्हर नसलेलं जीवशास्त्राचं पुस्तक निघालं. त्यात माणसाच्या पेशीत ४८ गुणसूत्रं असल्याचं छापलं होतं. पाठ्यपुस्तकात ४६. ज्या मुलीला ते सापडलं ती धावत आली, "सर, पुस्तक खोटं बोलते का?" मी म्हटलं, साल बघ. पुस्तक १९५६ च्या आधीचं होतं.

थिओफिलस पेंटर या अमेरिकी संशोधकानं १९२३ साली सूक्ष्मदर्शकाखाली मोजून ४८ हा आकडा दिला. तेव्हाच्या काचपट्ट्यांवर गुणसूत्रं एकमेकांवर चढलेली, गुंतलेली दिसत. जत्रेतल्या गर्दीत डोकी मोजण्यासारखं काम. पुढे पेशी विशिष्ट द्रावणात फुगवून गुणसूत्रं सुटी करण्याची युक्ती सापडली, आणि स्वीडनमधल्या लुंड इथे जो हिन त्जियो आणि आल्बर्ट लेवान यांनी नीट मोजली तेव्हा ती ४६ भरली. त्यांचा निबंध १९५६ साली छापून आला. डीएनएची रचना त्याच्या तीन वर्षं आधीच उलगडली होती. म्हणजे पीळ कळला, पण पेशीत गुणसूत्रं किती हे जगाला चुकीचंच पाठ होतं. वर्गात हे सांगितलं की शांतता पसरते.

दुसरा फेरफार जनुकांच्या संख्येचा. माणसाचा संपूर्ण डीएनए वाचण्याचा प्रकल्प १९९० साली सुरू झाला आणि २००३ साली पूर्ण झाल्याचं जाहीर झालं. त्याआधीच्या लेखांत माणसाची जनुकं एक लाखाच्या घरात असावीत असं सर्रास सापडतं. २००१ च्या कच्च्या मसुद्यात आकडा तीस-चाळीस हजारांवर आला. आज प्रथिनं बनवणारी जनुकं सुमारे २०,००० धरतात. १९९५ आणि २००५ चं मासिक शेजारी ठेवा, पोरं स्वतः भांडतील. तुम्ही मधे पडू नका.

आणि तिसरा, माझ्या आवडीचा: डीएनएचा शोध कोणी लावला? तीन पुस्तकांत तीन उत्तरं मिळतील आणि तिन्हींत थोडं खरं असेल. फ्रीडरिश मिशर यानं १८६९ साली जर्मनीतल्या ट्युबिंगेन इथे रुग्णालयातल्या बँडेजवरच्या पुवातून एक नवाच पदार्थ वेगळा काढला आणि त्याला न्यूक्लीन नाव दिलं. तो पदार्थच आनुवंशिकतेचा वाहक आहे याचा भक्कम पुरावा ॲव्हरी, मॅक्लाउड आणि मॅकार्टी यांनी १९४४ साली दिला. रचना वॉटसन आणि क्रिक यांची, 'नेचर'च्या २५ एप्रिल १९५३ च्या अंकातली. पण त्याच अंकात रोझलिंड फ्रँकलिन आणि रेमंड गॉस्लिंग यांचाही निबंध आहे, आणि त्यांनी काढलेलं क्ष-किरण छायाचित्र वॉटसननं फ्रँकलिनला न विचारता पाहिलं होतं. १९६२ चं नोबेल वॉटसन, क्रिक आणि फ्रँकलिनच्या प्रयोगशाळेतला विल्किन्स यांना मिळालं. फ्रँकलिन १९५८ सालीच, ३७ व्या वर्षी वारली होती. तिचं नाव तुमच्या कपाटातल्या किती पुस्तकांत आहे ते मुलींना मोजायला सांगा. आमच्याकडे दोन होती.

फेरफार लावायची पद्धत सोपी. चिठ्ठ्या जमिनीवर सालानुसार ओळीत मांडायच्या आणि जिथे दोन चिठ्ठ्या भांडतात तिथे मधे लाल खडू ठेवायचा. मग विचारायचं: यातली कुठली आधीची? मधल्या काळात काय नवीन सापडलं? की यातली एक नुसतीच छपाईची चूक आहे? गाईडातलं १९३५ या शेवटच्या खान्यात गेलं. ते गाईड मी जपून ठेवलं आहे.

बोंडअळीचा शोध कसा चालला

एक पूर्ण उदाहरण देतो, म्हणजे अंदाज येईल.

पाच मुलांचा गट. पहिली चिठ्ठी दहावीच्या पाठ्यपुस्तकातली: एका जिवाणूचं जनुक कपाशीच्या डीएनएमध्ये घातलं की कपाशी स्वतः अळीला मारणारं प्रथिन बनवते. दुसरी शेतीच्या पुस्तिकेतली: त्या जिवाणूचं नाव बॅसिलस थुरिंजिएन्सिस, त्याचीच आद्याक्षरं बीटी. तिसरी एका मासिकातली: भारतात बीटी कपाशीला २००२ साली परवानगी मिळाली, २००६ पासून दोन जनुकांचं वाण आलं. चौथी २०१७ च्या वर्तमानपत्राचं कात्रण: विदर्भात गुलाबी बोंडअळीचा उद्रेक. पाचवी एका मुलाच्या वडिलांची: "पहिले काही वर्सं फवाऱ्याचं कामच नव्हतं."

चिठ्ठ्या ओळीत लावल्या आणि तिसऱ्या-चौथीच्या मधे लाल खडू आला. संरक्षण होतं तर गेलं कुठे? मुलांचा पहिला तर्क होता की बियाणं बोगस असेल. तो तर्क मोडू नका, त्यालाही सातबारा मागा. शोधता शोधता त्यांना "प्रतिकारक्षमता" हा शब्द सापडला. लाखो अळ्यांत एखादीच्या डीएनएमध्ये असा फरक असतो की ते प्रथिन तिला बाधत नाही. बाकीच्या मरतात, ती जगते, तिची पिलावळ वाढते, आणि काही हंगामांत वावरात तशाच अळ्या उरतात. एका मुलानं चिठ्ठीच्या मागे लिहिलं, "पऱ्हाटीचा डीएनए आपण बदलला. अळीचा कोणी नाही बदलला, मरता मरता जे उरलं ते उरलं." मी दहा वर्षं नैसर्गिक निवड शिकवत होतो, इतकं नेटकं कधी सांगितलं नव्हतं.

त्यातून नॉनबीटीच्या पुडीचा उलगडा झाला. बीटीच्या पाकिटासोबत साध्या बियाण्याची छोटी पुडी यायची आणि ती कडेनं लावायची असायची. साध्या झाडांवर साध्या अळ्या जगाव्यात, त्यांचा प्रतिकारक अळ्यांशी संकर व्हावा आणि प्रतिकार पसरायला वेळ लागावा, यासाठी. मुलांनी घरोघरी विचारलं, पुडी लावली होती का. उत्तरं इथे लिहीत नाही, तुमच्या गावात विचारून पाहा.

सहावी पायरी: कपाटाबाहेर

दोन तरी प्रश्न कपाटात सुटत नाहीत, सुटू नयेत. मग तालुक्याचं सार्वजनिक वाचनालय. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ चा आहे, आणि त्यामुळे बऱ्याच तालुक्यांत अनुदानावर चालणारं वाचनालय असतं. ग्रंथपालांना आठवडाभर आधी शाळेच्या पत्रानं कळवा आणि प्रश्न लिहून पाठवा. अचानक चाळीस पोरं घेऊन गेलात तर दुसऱ्यांदा दार उघडणार नाही. सहा मुलं न्या, पैसे जमले तर एसटीनं.

कापसाचा प्रश्न असेल तर जिल्ह्याचं कृषी विज्ञान केंद्र जवळचं. नागपूरला केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे, अकोल्याला डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ. त्यांच्या मराठी पुस्तिका मिळवून कपाटात ठेवा. सिकलसेलसाठी प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या प्रयोगशाळा तंत्रज्ञांना अर्ध्या तासासाठी शाळेत बोलवा.

मोबाइलचं काय?

मोबाइल शेवटी. कपाटात दोन तास घालवलेल्या मुलाला जालावर काय शोधायचं ते शब्दांसकट माहीत असतं, बाकीच्यांना जाहिराती सापडतात. विश्वकोश आणि बालभारतीची पुस्तकं जालावर मोफत आहेत, नेटवर्क असेल त्या दिवशी उतरवून ठेवा. आता मुलं मोबाइलला तोंडी विचारून झटक्यात सफाईदार उत्तर आणतात. मी बंदी घालत नाही. उत्तराची चिठ्ठी करायला सांगतो. सातच्या रकान्यात काय लिहायचं यावर पोरगं अडकतं, आणि मग त्याच उत्तरातलं एक-एक वाक्य पुस्तकात शोधायला निघतं. व्हॉट्सॲपवर आलेल्या मजकुराचंही तेच.

इथे जपून

सिकलसेल हा आपल्याकडे पुस्तकातला आजार नाही. वर्गात बसलेल्या एखाद्याला तो असतो, किंवा त्याच्या बहिणीला. "कोणाच्या घरी आहे?" असं कधीही विचारू नका. शोधाचा प्रश्न रेणूचा ठेवा: हिमोग्लोबिनच्या जनुकात एका अक्षराच्या जागी दुसरं आलं की प्रथिनातलं एक अमिनो आम्ल बदलतं, तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. दोन्ही पालक वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता चारात एक. "दर चौथं मूल" असं कुणी लिहिलं तर थांबवा, तो अर्थ वेगळा होतो.

जीभ गोल वळते का, कानाची पाळी चिकटलेली आहे का, हे घरोघरी तपासण्याचा उपक्रम मी बंद केला. एका जनुकाच्या साध्या हिशेबात ही लक्षणं बसत नाहीत, एकसारख्या जुळ्या भावंडांतही जीभ वळण्यात फरक सापडले आहेत. आणि एखादं पोरगं घरी जाऊन "मी तुमचा नाही का?" असं विचारतं. एकदा झालं आहे. त्या माउलीला तोंड दाखवायला मला फार जड गेलं. जातीचा आणि रक्ताच्या शुद्धतेचा विषय कुणी काढलाच तर टाळू नका, त्यालाही सातबारा मागा. तो मिळत नाही.

शेवटची पायरी: एक पान

लेखन एका पानाचं. किमान सहा चिठ्ठ्या टाचलेल्या, त्यांत एक तरी फेरफाराची जोडी, आणि शेवटी "मला अजून न कळलेलं" असे दोन-तीन प्रश्न. वीस गुण असतील तर मी दहा चिठ्ठ्यांना देतो, चार प्रश्नाला, चार लेखनाला, दोन न कळलेल्याला. सुंदर अक्षर आणि रंगीत मुखपृष्ठ यांना शून्य. पालक सुरुवातीला कुरकुरतात.

तोंडी परीक्षा दोन मिनिटांची. पानातल्या कुठल्याही वाक्यावर बोट ठेवायचं आणि म्हणायचं, "याचा सातबारा काढ." पोरगं चिठ्ठ्या चाळतं, पुस्तक काढतं, पान उघडतं. काहींना वेळ लागतो, लागू द्या.

काम झालं की चिठ्ठ्या परत देऊ नका, घरी गेल्या की चुलीत जातात. आम्ही त्या बुटाच्या खोक्यांत विषयवार लावून ठेवतो: बोंडअळी, सिकलसेल, गुणसूत्रं, शोध कोणी लावला. कसर लागू नये म्हणून कडुलिंबाचा वाळला पाला. पुढच्या वर्षीची मुलं तिथूनच सुरू करतात आणि मागच्यांच्या चुका काढण्यात त्यांना भारी मजा येते. मागच्या सत्रात एका मुलानं विचारलं, खोक्यातल्या चिठ्ठीवरून मी चिठ्ठी केली तर सातमध्ये काय लिहू? खोक्याला क्रमांकच नव्हता. आम्ही दाखल नोंदवही काढली आणि चारही खोकी रीतसर चढवली. "कसे प्राप्त झाले" या रकान्यात त्यानंच लिहिलं: नववी ब कडून.